एक चालतो, दुसरा अडतो

घरातले नेट बंद पडले की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, पुन्हा चालू करायचा. पुष्कळदा नेट परत येते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. पण बिघाड कशाचा होता हे सांगणाऱ्या खुणा तेवढ्यात पुसल्या जातात. कोणत्या संगणकाला कोणता पत्ता दिला होता, किती जोडण्या उघड्या होत्या, बाहेरची लाइन शेवटची कधी तुटली, यातले बहुतेक सारे राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि वीज तुटली की जाते. मग तोच बिघाड पुन्हा येतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याला पहिल्या दिवशी होती तेवढीच माहिती असते.

एका राउटरवर दोन संगणक चालणाऱ्या घराजवळ यावर चांगला उपाय असतो. एकच संगणक असेल तर दोष त्याचा, तारेचा, राउटरचा की कंपनीच्या लाइनचा, हे ताडायला तुलनाच नसते. दुसरा संगणक आला की तुलना आली. म्हणून बटणाला हात लावण्याआधी एक गोष्ट बघावी: बिघाड एकावर आहे की दोन्हींवर? दोन्हींवर असेल तर संगणकांना सोडून द्यावे, दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. एकावरच असेल तर लाइन निर्दोष आहे, कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. एवढ्या एका पाहणीने निम्मी कारणे बाजूला पडतात. फोनला मात्र या कामी साक्षीदार धरायचे असेल तर त्याचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. वायफायवर नेट नसले की फोन गुपचूप सिमवर जातो आणि ‘माझ्यावर तर चालतंय’ असे घरातला कुणीतरी प्रामाणिकपणे, पण चुकीचे सांगतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. राउटरच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढे छिद्र असते, त्यावर रीसेट लिहिलेले असते. ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. वायफायचे नाव आणि पासवर्ड तर जातोच, जोडणी देताना कंपनीच्या माणसाने भरलेले युजरनेम आणि इतर मांडणीही जाऊ शकते. अर्ध्या तासात सुटला असता तो बिघाड मग तंत्रज्ञ येईपर्यंत लांबतो. बटण बंद-चालू करणे वेगळे आणि रीसेट वेगळे. हे घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

एकच संगणक अडत असेल तर पुढची पायरी अदलाबदलीची. बाहेरच्या खोलीतला चालतो आणि आतल्या खोलीतला चालत नाही, असे समजू. दोन्ही केबलने जोडलेले असतील तर राउटरच्या मागच्या त्यांच्या जागा एकमेकांत बदलाव्या. आता बाहेरचा बंद पडला तर राउटरचे ते पोर्ट गेले आहे. आतलाच बंद राहिला तर पोर्ट चांगले आहे. मग चालणाऱ्या संगणकाची केबल काढून आतल्याला लावावी. चालला, तर केबल खराब. तरीही नाही, तर संगणकातच शोधायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि दरवेळी बिघाड कुणाबरोबर सरकतो ते बघायचे. दोन बदल एकदम केले आणि नेट आले, तर कशामुळे आले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून करावे लागते. दोन्ही वायफायवर असतील तर अडलेला संगणक राउटरच्या शेजारी आणून केबलने जोडून पाहावा. तिथे चालला तर प्रश्न हवेतला आहे.

यापुढे जायचे तर राउटर नेमके काय करतो हे थोडे समजून घ्यावे लागते. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. जुन्या, अजूनही सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत तो ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. हे पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक तोडगा मांडला: घराच्या किंवा कचेरीच्या आत कुणीही वापरावेत असे पत्ते, आणि बाहेर पडताना त्यांचे एका खऱ्या पत्त्यात रूपांतर. याला नॅट म्हणतात. तो थोड्या काळापुरता उपाय म्हणूनच मांडला होता. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे पत्तेही वाटले गेले, १२८ बिटांचे नवे पत्ते कधीच आले आहेत, तरी नॅट घरोघरी चालू आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे जे आकडे आपल्या संगणकावर दिसतात ते याच घरगुती पत्त्यांपैकी. १९९४ मध्ये ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले.

गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनसारखे हे काम आहे. बाहेरच्यांना सोसायटीचा पत्ता तेवढा माहीत, आत कुठल्या घरातून काय मागवले ते वॉचमनच्या वहीत. माल आला की वही बघून तो त्या घरी पाठवायचा. वहीत नोंद नसलेल्या माणसाला फाटकावरून परत लावायचे. राउटरची ही वही म्हणजे स्मृतीतला एक तक्ता, आणि स्वस्त राउटरमध्ये तो मर्यादित असतो. एका संगणकावर टॉरेंटसारखे काही चालू असेल तर ते शेकडो, कधी हजारो जोडण्या उघडते. तक्ता भरला की दुसऱ्या संगणकावर विचित्र लक्षण दिसते: आधीपासून चालू असलेला व्हिडिओ चालत राहतो, पण नवे पान उघडत नाही. राउटर बंद-चालू केला की तक्ता रिकामा होतो आणि सगळे सुरळीत होते. बटणाच्या उपायाला यश येते ते असे, आणि टॉरेंट चालूच राहिले तर ते टिकत नाही तेही यामुळेच.

आतले पत्ते वाटण्याचे कामही राउटरच करतो. संगणक चालू झाला की ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतो आणि राउटर ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. एक संगणक चालतो आणि दुसरा अडतो, याची बरीच कारणे इथे सापडतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की आपला पत्ता दिसतो. दोन्ही संगणकांवर ती देऊन आकडे शेजारी लिहून घ्यावे. अडलेल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर इंटरनेटचा विचार सोडावा. राउटरकडून उत्तर आले नाही म्हणून संगणकाने स्वतःच घेतलेला तो पत्ता आहे. केबल सैल आहे, वायफायची जोडणी अर्धवट आहे, किंवा वाटायचे पत्ते संपले आहेत. शेवटचे कारण आता बरेच घडू शकते, कारण संगणक दोनच असले तरी फोन, टीव्ही, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन असे सगळे त्याच साठ्यातून पत्ते घेत असतात.

दोन संगणकांच्या घरातला खास बिघाड म्हणजे पत्त्याची टक्कर. कधीकाळी प्रिंटरसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी कुणीतरी एका संगणकाला १९२.१६८.१.५ असा पत्ता हाताने भरून दिलेला असतो. राउटरला त्याची खबर नसते. तो संगणक बंद असताना राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊन टाकतो. मग एक सुरू झाला की दुसऱ्याचे नेट जाते, आणि दोघे वेगवेगळ्या वेळी वापरले तर दोन्ही उत्तम चालतात. लक्षण इतके ठळक असूनही लोक वायफायला आणि कंपनीला दोष देत राहतात. उपाय सोपा आहे: त्या संगणकावर पत्ता ‘आपोआप घ्या’ असे ठेवायचे, आणि ठरावीक पत्ता हवाच असेल तर राउटरच्या पानावर जाऊन तिथे राखून ठेवायचा. वाटणारा एकच असला की टक्कर टळते.

वाटणारे दोन झाले तर? हेही घडते. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्याचे वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि जोडतो. तो पहिल्याच्या लॅन, म्हणजे संगणक जोडायच्या, पोर्टातून आपल्या लॅन पोर्टात जोडला, तर दोघेही पत्ते वाटू लागतात आणि कोणत्या संगणकाला कुणाचा पत्ता मिळेल हे नशिबावर राहते. तो वॅन, म्हणजे बाहेरची लाइन घेणाऱ्या, पोर्टात जोडला, तर नेट दोन्हीकडे चालते, पण एका राउटरवरचा संगणक दुसऱ्यावरच्या संगणकाला सहज सापडत नाही. सामायिक फोल्डर उघडत नाही, प्रिंटर गायब होतो. पत्त्यातला तिसरा आकडा वेगळा दिसला, एकावर १९२.१६८.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०, तर बहुधा हेच झाले आहे असे समजावे. घरासाठी मला बरी वाटते ती मांडणी अशी: दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटणे बंद करायचे, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून वेगळा करायचा आणि लॅनमधून लॅनमध्ये जोडायचा. मग तो वायफाय पसरवण्यापुरता उरतो आणि सगळे घर एका जाळ्यात राहते.

पत्ता ठीक, तरी एकच संगणक अडतो, तेव्हा पिंग कामाला येतो. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करताना, असाच एक जाळ्याचा विचित्र बिघाड शोधण्यासाठी, हा छोटा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहिला. तो समोरच्या यंत्राला हाक देतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. आधी राउटरला, म्हणजे गेटवे म्हणून दिसणाऱ्या पत्त्याला, पिंग करावे. उत्तर आले तर घरातला रस्ता चांगला. मग बाहेरच्या एका यंत्राला, ८.८.८.८ या पत्त्याला. तेही आले तर लाइन चांगली. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावाचे आकड्यात रूपांतर करणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. एकाच संगणकावर असे होत असेल तर कुणीतरी त्यावर डीएनएस हाताने भरलेला असतो किंवा ऑफिसचे व्हीपीएन अर्धवट बंद पडलेले असते. शेजारच्या संगणकाला केलेल्या पिंगला उत्तर आले नाही तर मात्र घाबरू नये. विंडोजची फायरवॉल असल्या हाका पुष्कळदा अडवते.

एक कारण मी मुद्दाम सांगतो, कारण ते नेटच्या बिघाडासारखे दिसते आणि असते घड्याळात. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर संगणक काही वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक तारखांपुरती वैध असतात. तारीखच चुकीची असेल तर ब्राउझर बँकेपासून मेलपर्यंत सगळीकडे ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणतो. दुसरा संगणक त्याच राउटरवर मजेत चालतो. तारीख नीट करावी, बॅटरी बदलावी.

आता दोन्ही चालतात पण रडतखडत, हा प्रकार. केबलने जोडलेल्या संगणकाचा वेग मोजल्यावर योजना ३०० मेगाबिटांची असताना ९४-९५ च्या आसपासच अडकत असेल, तर तो आकडा ओळखून ठेवावा. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांना दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. एक तार तुटली, टोकाचा प्लग नीट दाबलेला नसला, की दोन्ही टोके आपसांत १०० वर तडजोड करतात, आणि त्यातून प्रत्यक्ष हाती ९४-९५ पडतात. काही घरांत तर पैसे वाचवण्यासाठी एकाच केबलच्या आठ तारा चार-चार अशा दोन संगणकांना वाटून दिलेल्या असतात. जुन्या योजनांना ते चालून गेले. आता ती केबल बदलणे हाच उपाय.

वायफायवर गणित वेगळे. २००३ मध्ये ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी दाखवून दिले की एक मंद यंत्र साऱ्यांना आपल्या पातळीवर ओढते. कारण असे की हवा सामायिक आहे आणि प्रत्येकाला बोलायची संधी साधारण समान मिळते, वेळ समान मिळत नाही. माहितीचे १,५०० बाइटचे पाकीट ५४ मेगाबिटांच्या वेगाने जायला सुमारे ०.२२ मिलिसेकंद लागतात, ६ मेगाबिटांना २ मिलिसेकंद. भिंतीपलीकडचा संगणक ६ वर आणि राउटरशेजारचा ५४ वर असे आळीपाळीने बोलू लागले, तर दोघांनाही हाती येतात जेमतेम ५.४ मेगाबिट. राउटरशेजारच्याला वाटते नेट स्लो आहे, आणि दोष असतो आतल्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपचा किंवा जाड दगडी भिंतीचा. वेग वाढलेल्या आजच्या वायफायमध्येही हे तत्त्व सुटलेले नाही. काही राउटर एअरटाइम फेअरनेस नावाच्या सोयीने वेळ वाटून देतात, ती असेल तर चालू करावी. त्याहून बरे म्हणजे दूरच्या संगणकाला केबल नेणे. जागा न बदलणाऱ्या यंत्राला वायफायवर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. मायक्रोवेव्ह चालू असतानाच नेट अडत असेल तर कारण स्वयंपाकघरात आहे. भट्टीची लहर २.४५ गिगाहर्ट्झची आणि जुने वायफायही त्याच पट्ट्यात. जवळच्या संगणकाला ५ गिगाहर्ट्झवर नेले की सुटका होते, मात्र ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे लवकर विरते.

दोन संगणकांच्या घरातले सगळ्यात खरे भांडण मात्र वेगळे असते. एक जण फोटो क्लाउडवर चढवतो आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या मीटिंगमधला आवाज तुटू लागतो. वेग मोजला तर भरपूर दिसतो. २०१० च्या सुमारास जिम गेटिस, एक्स विंडो प्रणालीच्या मूळ रचनाकारांपैकी एक, यांना घरून मोठ्या फाइली पाठवताना हेच दिसले: उत्तर यायला सेकंदाहून अधिक वेळ. त्यांनी शोध घेतला आणि याला बफरब्लोट असे नाव दिले. स्मृती स्वस्त झाल्याने उपकरणे बनवणाऱ्यांनी मोडेम-राउटरमध्ये पाकिटे थांबवून ठेवायला ऐसपैस जागा दिली. एकही पाकीट टाकून द्यावे लागू नये हा हेतू. परिणाम उलटा झाला. वर चढवण्याचा वेग २ मेगाबिट आणि साठवण २५६ किलोबाइटची असेल, तर ती भरल्यावर प्रत्येक पाकिटाला एक सेकंद रांगेत उभे राहावे लागते. बोलण्याची इवलीशी पाकिटेही फोटोंच्या मागे त्याच रांगेत.

पाकीट हरवणे हीच संगणकाला मिळणारी ‘हळू चल’ ही खूण आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ यांच्यातल्या जेमतेम ४०० यार्डांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी पाठवणाऱ्याने हरवलेली पाकिटे बघून आवरते घ्यावे अशी रीत बसवली, आणि तिच्यावर आजचे इंटरनेट उभे आहे. रांग फार लांब असली की पाकीट हरवतच नाही, खूण उशिरा पोचते. त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये रांगेत घालवलेला वेळ मोजून वेळीच पाकीट टाकणारी पद्धत दिली. तिचा पुढचा अवतार आज कित्येक राउटरांत एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाने सापडतो.

याची परीक्षा दोन संगणकांशिवाय नीट होत नाही, आणि दोन असले की पाच मिनिटांत होते. एकावर दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला, दुसरीत बाहेर ८.८.८.८ ला सतत पिंग लावावे. दुसऱ्या संगणकावरून मोठी फाइल चढवायला घ्यावी. राउटरचे उत्तर पूर्वीसारखे दोन-पाच मिलिसेकंदांत येते आणि बाहेरचे मात्र २० वरून ५०० वर चढते, तर रांग बाहेर जाणाऱ्या तोंडाशी आहे. राउटरचेच उत्तर लांबले तर वायफाय गुदमरले आहे. पहिल्या प्रकारात राउटरमध्ये चढवण्याची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधावी. थोडा वेग सोडला की मीटिंग सुधारते. फायबरवर हा त्रास कमी, तांब्याच्या जुन्या लाइनवर आणि सिमवर चालणाऱ्या राउटरवर जास्त.

दोन्ही संगणक एकदम बंद, तेव्हा फायबरच्या डब्याचे दिवे बघावे. पॉनचा दिवा स्थिर असेल तर प्रकाश येतो आहे. एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर तो येत नाही: बाहेर कुठे तरी फायबर तुटले आहे, किंवा घरातच कपाटामागे दुमडले आहे. फायबरला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश वळणातून निसटतो. प्लग काढून आत डोकावू नये. लेझर डोळ्यांना दिसत नाही पण असतो. दिवे ठीक असतील तर डबा, अ‍ॅडॅप्टर आणि इन्व्हर्टरवरची त्याची जोडणी तपासावी. म्हातारा झालेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर दिवसा टिकतो आणि संध्याकाळी घरातला दाब उतरला की राउटर आपोआप पुन्हा चालू होत राहतो. तसाच दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून बघणे हा स्वस्त प्रयोग आहे.

तरीही कंपनीला फोन करावा लागला तर ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. दोन्ही संगणक केबलने जोडून पाहिले, राउटरला पिंग जाते, ८.८.८.८ ला जात नाही, पॉन स्थिर आहे, सकाळी दहापासून असे आहे, हे सांगावे. त्यातून तक्रार केंद्रावरच्या माणसाला घरातले सारे तपासून झाल्याचे कळते, आणि बंद-चालू करून बघायला सांगण्याऐवजी तो थेट लाइनची तक्रार नोंदवू शकतो.